जीभसाहेबांचा पेला

मित्रांनो, मी एक जुना पेला आहे. जाड काचेचा, आखूड पायाचा, रुंद तोंडाचा. माझ्या काठावर एके काळी सोनेरी रेघ होती. आता ती एका बाजूला जेमतेम उरली आहे, बाकीची लोकांच्या ओठांनी खाल्ली. माझ्यात दूध, सरबत किंवा साधे पाणी कधी कोणी प्यायले नाही. माझ्यात एकच पेय यायचे, ते म्हणजे वर्षानुवर्षे बाटलीत मुरवलेली काळी, जड बिअर. ते पेय तुमच्यासाठी नाही, तेव्हा उगाच जीभ चाटू नका. गोष्ट मात्र ऐकायला हरकत नाही, कारण ती बिअरपेक्षा एका घरातल्या माणसांची जास्त आहे, आणि माणसे काय, तुमच्याही घरात असतील.

माझा जन्म काचेच्या भट्टीत झाला. मला फुंकणाऱ्या कारागिराला सगळे गालफुग्या म्हणत. लालबुंद काचेचा गोळा नळीच्या टोकाला घेऊन तो असा काही फुंकायचा की डोळे बाहेर येतील असे वाटे. मी थंड झाल्यावर त्याने मला खिडकीच्या उजेडात धरले, फिरवून पाहिले आणि म्हणाला, "हा बरा जमला." माझ्या आयुष्यात मला मिळालेली ही पहिली शाबासकी. मग आम्हा भावंडांना पेंढ्याच्या खोक्यात भरून एका बिअर बनवणाऱ्या घराकडे पाठवण्यात आले.

त्या घराचा खालचा मजला म्हणजे कारखाना. तिथे तांब्याचे मोठे हंडे होते, भाजलेल्या सातूची पोती होती, आणि भिंती वाफेने कायम ओल्या असत. त्याच्याखाली तळघर आणि वर राहते घर. स्वयंपाकघरात काचेच्या दाराचे एक कपाट होते, त्यात आम्हाला ठेवले. भावंडे एकेक करून गेली. एक नळावर आपटला, एक धाकट्या मुलाने रांगता रांगता ओढून फोडला, एक पाहुण्याने टाळी देताना पाडला. शेवटी वरच्या खणात मी एकटा राहिलो, आणि एकटा राहिल्यामुळे मला फार मान मिळू लागला. वासरात लंगडी गाय शहाणी, त्यातलाच प्रकार.

घराचे मालक म्हणजे बाबा. कामगार त्यांना पाठीमागे जीभसाहेब म्हणत, आणि पुढे पुढे तोंडावरही म्हणू लागले, कारण त्यांना ते आवडायचे. त्यांची पारख खरोखरच दांडगी होती. बिअर कोणत्या पिंपातली आहे, सातू किती भाजला, पिंप धुणाऱ्याने आळस केला का, हे ते एका घोटात सांगत. एकदा तर त्यांनी सांगितले की ही बाटली कोणीतरी कांद्यांच्या शेजारी ठेवली होती, आणि ते खरे निघाले. व्यापारी बिअर चाखायचेच नाहीत. जीभसाहेब 'झाली' म्हणाले एवढे त्यांना पुरत असे.

आता ही काळी बिअर कशी असते ते सांगतो, नाहीतर पुढचे तुम्हाला कळणार नाही. भाजलेला सातू, जाळलेल्या साखरेचा पाक आणि यीस्ट यांची ती बनते. बाटलीत भरल्यावरही ती आत जिवंत असते आणि हळूहळू बदलत राहते. नवी असताना भांडकुदळ असते, नाकाला झोंबते. मुरली की तिला मनुकांचा, अंजिरांचा, करपू दिलेल्या साखरेचा वास येतो आणि घशाखाली उतरताना ती ऊब देत जाते. हे तिचे चांगले दिवस. पण ते कायम राहत नाहीत. त्यानंतर ती उतरणीला लागते, फेस जातो, आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. तेव्हा समजावे की ती मेली. बाटलीकडे बाहेरून पाहून यातले काहीही कळत नाही, म्हणून तर दरवर्षी एक बाटली उघडून पाहावी लागते.

या उघडून पाहण्याला त्या घरात 'पारख' म्हणत. थंडी सुरू झाली की तळघरातल्या लांब टेबलाभोवती सगळे जमत. टेबलावर पेला एकच, मी. ज्याची खेप, म्हणजे एका वेळी केलेली बिअर, असेल त्याने बाटली उघडायची आणि मला भरून बाबांपुढे ठेवायचे. बाबा बोलेपर्यंत कोणी बोलायचे नाही. ते 'झाली' म्हणाले तर मी हातोहात टेबलभर फिरायचो, सर्वांत शेवटी बनवणाऱ्याकडे जायचो, आणि दुसऱ्या दिवसापासून ती खेप बाजारात जायची. ते 'कच्ची आहे' म्हणाले, तर उरलेली बिअर, पेल्यातली आणि बाटलीतली, ते स्वतः उठून कोपऱ्यातल्या मोरीत ओतायचे. बनवणाऱ्याला एक थेंबही नाही. त्याने फक्त मला धुवायचे. बाटल्यांच्या जाळीच्या खोलीला कुलूप असे आणि किल्ली बाबांच्या कमरेला.

ओतताना गप्प बसतील तर ते जीभसाहेब कसले! हंड्यांवर काम करणारा एक म्हातारा भट्टीवाला होता. त्याची खेप मोरीत जात असताना बाबा म्हणाले, "बाटलीत भरण्यापेक्षा बादलीत भरली असती, तर फरशी तरी पुसून निघाली असती." सगळे हसले. भट्टीवालाही हसला. त्याने मला धुतले, पुसले, आणि दुसऱ्या आठवड्यात तो कामावर आला नाही. बाबांनी त्याची चौकशीसुद्धा केली नाही.

बाबांना दोन मुले. थोरली मुलगी लहानपणापासून हंड्यांच्या वाफेत वाढली. तिच्या दोन्ही हातांवर उकळत्या पाकाचे डाग होते. धाकट्याला वाफ सोसत नसे. तो स्वच्छ कपडे घालून व्यापाऱ्यांशी बोलायचा, आणि बोलण्यात तो पटाईत होता. आई नव्हती. बाबांची बहीण, मुलांची आत्या, नवरा गेल्यापासून याच घरात राहून स्वयंपाक बघायची. एरवी मला गरम पाण्याने धुऊन फडक्यावर उलटा ठेवायची तीच. साबण ती लावत नसे, कारण काचेवर साबणाचा अंश राहिला की फेस मरतो.

थोरलीने स्वतःची पहिली काळी खेप केली, तेव्हा बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "मी हिला झाली म्हणेन त्या दिवशी तळघराची किल्ली तुझी. नाहीतर धाकटा आहेच." थोरलीने मान हलवली. तिच्या नाकाचे टोक तेवढे लाल झाले. तिला ती किल्ली किती हवी होती हे ज्याला कळले नसेल तो आंधळाच म्हणायचा.

पहिल्या थंडीत बाबांनी घोट घेतला आणि म्हणाले, "कच्ची आहे. राहू दे तिला." आणि ती कच्ची होतीच. मी साक्षीदार आहे, माझ्या काचेलाही झोंबली ती. थोरलीने मला धुतले ते गाणे गुणगुणतच. पहिल्या वर्षी कोणाचीच होत नाही, हे तिला ठाऊक होते.

मग बाबांना मोठा ताप आला. बरेच दिवस अंथरुणात काढून ते उठले. बारीक झाले होते, पण आवाज तोच होता. दुसऱ्या थंडीत मी भरून त्यांच्यापुढे आलो. पूर्वी ते माझ्यात नाक खुपसत तेव्हा त्यांचा श्वास मध्येच अडखळत असे, कुठल्यातरी वासापाशी थांबून चौकशी करून पुढे जात असे. या वेळी श्वास सरळ आत गेला आणि सरळ बाहेर आला. त्यांनी पुन्हा हुंगले, पुन्हा हुंगले. घोट घेतला. नाक गेलेल्या माणसाची जीभ गोड, कडू, आंबट एवढेच सांगते. माझ्या पायाभोवतीची त्यांची बोटे ओली झाली.

टेबलाभोवती सगळे वाट पाहत होते. 'झाली' म्हणावे आणि बिअर बाजारात जाऊन फसली, तर जन्मभराचे नाव जाणार. 'कच्ची आहे' म्हणणाऱ्याला मात्र कधीच कोणी खोटे ठरवू शकत नाही. फार तर लोक आणखी थांबतात.

"कच्ची आहे," बाबा म्हणाले आणि मोरीकडे चालू लागले. पाठ वळल्यावर त्यांनी मोठा सुस्कारा टाकला. तो फक्त मी ऐकला, कारण मी त्यांच्या हातात होतो.

हे आणखी एका माणसाला माहीत होते. आत्याला. भाजी करपली तरी भाऊ मुकाट्याने जेवतो, हे स्वयंपाक करणाऱ्या बाईला कळणार नाही तर कोणाला? पण झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्याच्या छपराखाली राहायचे त्याची मूठ कोण उघडणार?

तिसऱ्या थंडीत थोरलीची बाटली उघडली आणि मित्रांनो, मी आजवर तशी बिअर पोटात घेतलेली नाही. फेस दाट, सायीसारखा. आत मनुका, अंजीर, जळकी साखर, आणि कुठेतरी मागे बदामाच्या सालीचा हलका कडवटपणा. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पिंपे सांभाळणारा म्हातारा पिंपवाला बसला होता, त्याच्या तोंडाला पाणी सुटलेले मला दिसत होते. बाबांनी घोट घेतला, डोळे मिटले, सगळ्यांना तिष्ठत ठेवले.

"मधे एक पायरी कमी आहे," ते म्हणाले. "कच्ची आहे."

"हो बाबा," धाकटा म्हणाला, "ती पायरी मलाही जाणवली नाही." त्याने एक थेंबही चाखला नव्हता, पण ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी.

त्या दिवशी ती बिअर मोरी प्यायली. सगळे गेल्यावर थोरलीने मला उचलले. धुण्याआधी तिने माझ्यात नाक घातले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग वर स्वयंपाकघरात येऊन मला आत्यापुढे धरून म्हणाली, "आत्या, तू हुंगून बघ गं जरा. मला तर चांगली वाटतेय."

आत्याने माझ्याकडे पाहिलेच नाही. "मला मेलीला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "दादा म्हणतो ते बरोबर असेल." आणि ती कणीक मळत राहिली.

खरे सांगतो, बाबांच्या नकारापेक्षा मला आत्याच्या त्या वाक्याचा जास्त राग आला. कारण त्या दिवसापासून थोरलीला वाटू लागले की खोट आपल्याच नाकात आहे. ती पाक जाळताना पिंपवाल्याला विचारायची, "काका, बघा ना, जास्त झालाय का?" पूर्वी तिला असे विचारावे लागत नसे. ती जेवताना मीठ कमी की जास्त हेसुद्धा सांगेनाशी झाली. मधे एकदा दुसऱ्या गावच्या कारखान्याचा मालक घरी आला. त्याला मुख्य कारागीर हवा होता, राहायला घरही देणार होता. थोरलीने कपाटापाशी उभे राहूनच त्याला नकार दिला.

"माझी एकही खेप अजून माझ्याच घरात पास झाली नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडे कोणत्या तोंडाने येऊ?"

बाबा शेजारच्या खोलीत होते. त्यांना सगळे ऐकू गेले. त्यांचे कान शाबूत होते.

पुढे पारख दरवर्षी होत राहिली, आणि दरवर्षी बाबांची भाषणे लांबत गेली. कधी 'टोक आलं नाही', कधी 'बूड हललंय', कधी 'पाकाने मन उघडलं नाही'. कामगार माना डोलवत. तिकडे बिअर उतरणीला लागली होती. मनुका सुकल्या, अंजीर गेले, फेस माझ्या काठापर्यंतही येईना. एका थंडीत मला त्यात पहिल्यांदा पुठ्ठ्याचा पुसटसा वास आला. थोरलीने मला धुताना हुंगले आणि कपाळाला आठी घातली, पण मला तसेच विसळून ठेवले. आपल्या नाकावर तिचा विश्वास कुठे उरला होता?

मग दूध उतू गेले. एका सकाळी बाबा शेगडीशेजारी खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. आत्या मागे कपडे वाळत घालत होती. भांड्यातले दूध वर आले, खाली सांडले, जळू लागले. माझ्या कपाटाच्या फटींतूनही तो वास आत आला. बाबांनी शांतपणे पान उलटले. थोरली खालून धावत वर आली, नाकाला पदर लावलेला, आणि दारातच थबकली. बाबांनी मान वर करून विचारले, "दूध तापलं का गं?"

थोरलीने शेगडी बंद केली. मग ती बाबांकडे पाहत राहिली. तेवढ्यात आत्या आत आली, तिने भांडे पाहिले, भावाकडे पाहिले, भाचीकडे पाहिले आणि मान खाली घातली. बाबा उठून खाली गेले.

"कधीपासून?" थोरलीने विचारले.

"तापानंतर," आत्या म्हणाली.

"म्हणजे सगळी वर्षं?"

आत्या जळके दूध खरवडू लागली. "मला जायला दुसरं घर आहे का गं?"

"मला होतं, आत्या," थोरली म्हणाली. "मी गेले नाही."

ती खाली गेली आणि नेहमीसारखी काम करू लागली. तिने आरडाओरडा केला असता तर मला बरे वाटले असते. जीभसाहेबांचे नाक गेले आहे हे ती म्हणाली असती, तर लोक म्हणाले असते, नाचता येईना अंगण वाकडे. हे तिलाही कळत होते. म्हणून ती थंडीची वाट पाहत राहिली.

आता राणीबद्दल सांगायला हवे. बाबांनी तरुणपणी एक काळी खेप केली होती, तिला घरात सगळे राणी म्हणत. त्याच खेपेवर त्यांचे नाव झाले. ती इतकी कडक होती की वर्षांमागून वर्षे गेली तरी टिकून होती. तिची शेवटची एकच बाटली जाळीच्या खोलीत वरच्या कोनाड्यात ठेवलेली असे. "ती माझ्या शेवटच्या घोटासाठी," असे बाबा म्हणत. त्या घरच्या बाटल्यांना चिठ्ठी नसे. कोणाची बाटली हे फक्त बुचावर कळे, कारण प्रत्येक जण आपल्या बुचावर तापलेल्या सळईने आपली खूण डागायचा. थोरलीची खूण दोन आडव्या रेघा, बाबांची त्रिकोण.

पारखेचा दिवस आला. बाबांनी जाळीचे कुलूप काढले, थोरली आत जाऊन बाटली घेऊन आली. टेबलाकडे पाठ करून तिने बूच काढले आणि एप्रनच्या खिशात टाकले. मग माझ्यात बिअर ओतली. पहिली धार तळाला लागताच मी ओळखले. राणी! वय झाले होते, पण काय डौल होता! एखाद्या जुन्या लाकडी पेटीत सुकी फळे आणि मध ठेवून ती आत्ता उघडावी, तसा वास. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. पण पेल्याला तोंड असते, आवाज नसतो.

बाबांनी नाक घातले. श्वास सरळ आत गेला, सरळ बाहेर आला. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले. त्या दिवशी धाकट्याने व्यापारीही बोलावले होते, म्हणून ते जास्तच रंगात आले.

"कच्ची आहे," ते म्हणाले. "आणि आज स्पष्टच सांगतो. ही कधी होणारच नाही. जिने ही केली तिच्या हातात बिअर नाही. भांडी घासावीत, स्वयंपाक करावा, पण हंड्याला हात लावू नये. उद्यापासून तळघर धाकट्याचं."

"मला तर इथूनच कळलं, बाबा," धाकटा म्हणाला. "वासच सांगतोय." व्यापारी हसले. पिंपवाला सगळ्यांत मोठ्याने हसला.

बाबा एका हातात मला आणि दुसऱ्या हातात बाटली घेऊन उठले. मोरीपर्यंत बरेच अंतर होते. थोरली त्यांना थांबवू शकली असती. ती जागची हलली नाही. बाबांनी आधी मला रिकामे केले, मग बाटली उलटी धरली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत हलवली. ते परत येऊन बसल्यावर थोरलीने खिशातले बूच काढले आणि खूण वर येईल असे त्यांच्यासमोर ठेवले.

"हे काय?" बाबांनी विचारले.

पिंपवाल्याने वाकून पाहिले. त्याचे हसू ओठांवर तसेच राहिले. "मालक," तो म्हणाला, "ही तर राणी होती."

बाबा उठून जाळीच्या खोलीत गेले. वरच्या कोनाड्यात हात घालून चाचपत राहिले, हात पुरत होता तरी टाचा उंच करून. मग बाहेर आले ते थेट मोरीपाशी. तिथे गुडघे टेकून त्यांनी ओल्या फरशीवरून बोटे फिरवली आणि नाकाशी नेली. पुन्हा फिरवली, पुन्हा नाकाशी नेली. व्यापारी, कामगार, धाकटा, सगळे बघत होते. आपल्या जन्माच्या कमाईचा वास त्यांना येत नव्हता, आणि तो तर सगळ्या तळघरात भरून राहिला होता.

"किल्ली," थोरली म्हणाली.

त्यांनी गुडघ्यांवर बसूनच कमरेची किल्ली सोडून तिच्या हातात दिली.

तिने पहिल्यांदाच कोणाला न विचारता आपल्या खेपेची बाटली आणली. मला विसळले, आणि बूच काढले. आवाज झाला नाही. ओतली तर फेस नाही, गटारातल्या पाण्यासारखी निपचित. मला पुठ्ठ्याचा वास आला, तिलाही आला. तिने दुसरी आणली. तीच गत. मग तिसरी, मग चौथी. हळूहळू व्यापारी टोप्या उचलून निघून गेले. कामगार तिच्याकडे न बघता टेबलाच्या कडा न्याहाळत होते. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ना, तसे झाले होते. नाक तिचे खरे होते, बिअर तिची खरी होती, आणि आता किल्लीही तिची होती.

शेवटी तिने मला काठोकाठ भरले आणि बाबांपुढे धरले. "आता माझी," ती म्हणाली. "प्या."

बाबांनी दोन्ही हातांनी मला धरले आणि ते थांबून थांबून सगळी प्यायले, तळाचा साकासुद्धा. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. "झाली," ते म्हणाले. "फार सुंदर झालीये गं."

"मेलीये ती, बाबा," थोरली म्हणाली. "केव्हाच मेली. तुम्हाला विचारत बसले म्हणून."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल इथे गोष्ट संपली. मलाही तसेच वाटले होते.

आता कारखाना थोरलीचा आहे. तिने मुरवण्याची बिअर बंद केली. केली की आठवड्यात विकायची, अशी हलकी बिअर ती करते आणि ती चांगली खपते. जाळीच्या खोलीत रिकामी पोती ठेवली आहेत. धाकटा अजून व्यापाऱ्यांशी बोलतो, आणि थोरली काही म्हणाली की, "हो ताई, मलाही तसंच वाटलं होतं," असे म्हणतो.

पारख मात्र तिने बंद केली नाही. उलट ती आता रोज होते. संध्याकाळी काम संपले की कामगारांना वर स्वयंपाकघरात बोलावले जाते. थोरली दिवसभरातल्या बाटल्यांचे तळचे उरलेसुरले माझ्यात ओतते आणि मला बाबांपुढे ठेवते. शेजारी त्यांचे ताट वाढून झाकलेले असते.

"सांगा बाबा," ती म्हणते. "जीभसाहेब तुम्ही. तुम्ही बोलल्याशिवाय आम्ही कसं ठरवणार?"

बाबा घोट घेतात आणि 'झाली' म्हणतात. मग ताटावरचे झाकण निघते. एकदा त्यांनी मान फिरवली आणि काही बोलले नाहीत. त्या दिवशी ताट तसेच परत गेले. एकदा तिने हंडे धुतलेले पाणी माझ्यात ओतले. बाबा ते प्यायले, त्यांनी ओठ पुसले आणि म्हणाले, "झाली." पहिले काही दिवस कामगार पोट धरधरून हसले. आता कोणी हसत नाही. ते जमिनीकडे बघत उभे राहतात आणि सुटी कधी मिळते याची वाट पाहतात. थोरलीही हसत नाही. पण एक दिवसही चुकवत नाही. आजारी असली तरी उठून येते.

बाबा तिला कधी काही म्हणत नाहीत. फक्त घोट घेण्याआधी माझ्यात नाक घालून एकदा हुंगतात. इतकी वर्षे झाली, पण सवय गेली नाही.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, पुसून ठेवा, टाकून देऊ नका. मी तसे विनवणार नाही. मला आत्या अजूनही गरम पाण्याने धुते. तिचे हात आता फार थरथरतात, पण ती मला दोन्ही हातांनी घट्ट धरते आणि जपून कपाटात ठेवते. तिला वाटते आपण चांगले करतो आहोत. तुमच्यापैकी कोणी कधी त्या स्वयंपाकघरात गेलात, तर तिला म्हणा, आजी, द्या इकडे, मी ठेवतो. आणि मला हातात घेऊन फरशीवर सोडून द्या. त्या घरात दुसरा पेला नाही. निदान त्या संध्याकाळी म्हातारा न बोलता जेवेल.